निदानाचे धैर्य : डॉ. अकासियो व्हिएगस

सन 1994 चा सप्टेंबर महिना. किल्लारीच्या भूकंपाला अद्याप वर्षही पूर्ण झाले नव्हते. मराठवाडा अजून त्या हादऱ्यातून सावरत होता आणि अशातच परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील मामला या छोट्या गावातून एक बातमी आली. घराघरात पिसवा झाल्या होत्या, उंदीर मरत होते, आणि काही माणसांना ताप येऊन जांघेत व काखेत गाठी उठल्या होत्या. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि तेथून लाखो लोक गाड्या भरभरून बाहेर पडले. जवळजवळ तीन दशके देशात ज्याचे नावही निघाले नव्हते, तो रोग परतला होता. परतला होता की नाही, यावरच मग मोठा वाद झाला. हा प्लेग आहे, असे काही तज्ज्ञ म्हणत होते. तो अन्य कोणता तरी संसर्ग असावा, अशीही शंका घेतली जात होती. प्रयोगशाळांतील पुरावा अपुरा असल्याची टीका होत होती.

या वादाची बातमी वाचताना मुंबईच्या इतिहासाची माहिती असलेल्यांना एका नावाची आठवण होणे साहजिक होते. बरोबर 98 वर्षांपूर्वी, अशाच एका सप्टेंबरात, एका गोमंतकीय डॉक्टराने मुंबईतील एका रुग्णाला तपासले आणि शहरातील कोणीही उच्चारू इच्छित नसलेला शब्द उच्चारला. त्यांचे नाव डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस.

व्हिएगस यांचा जन्म 1856 साली गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. शिक्षणासाठी आणि उपजीविकेसाठी तेथील तरुण मोठ्या संख्येने मुंबईची वाट धरीत. व्हिएगस यांनीही तीच वाट धरली. सेंट झेवियर्स हायस्कूलमधून 1874 साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. 1880 साली एल. एम. अँड एस. ही पदवी त्यांनी प्रथम श्रेणीत मिळविली.

ज्या काळात ते वैद्यक शिकले, तो काळ निदानशास्त्राच्या दृष्टीने संधिकाल होता. फ्रान्समधील लेनेक याने 1816 साली शोधलेला स्टेथोस्कोप आता सर्वत्र रूढ झाला होता. पूर्वी तापमापक हे हातभर लांबीचे अवजड साधन असे. 1860 च्या दशकात खिशात मावेल असा छोटा तापमापक तयार झाला आणि ताप किती, हे हाताच्या अंदाजाऐवजी अंशांत सांगता येऊ लागले. तरीही डॉक्टरांचे खरे साधन त्यांची पंचेंद्रिये हीच होती. रुग्णाची चर्या पाहणे, जीभ पाहणे, नाडी मोजणे, पोट चाचपणे, छातीवर बोटांनी ठोकून नाद ऐकणे, आणि या सर्वांच्या आधी त्याची हकीकत शांतपणे ऐकून घेणे, हेच रोगनिदान होते. व्हिएगस यांनी पदवी घेतली, त्यानंतर दोन वर्षांनी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला. रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते, हा विचार मग वेगाने पसरू लागला. व्हिएगस यांची पिढी या दोन युगांच्या सीमेवर उभी होती.

पदवीनंतर त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेली व्यापारी वस्ती. धान्याची गोदामे, अरुंद गल्ल्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, तुंबलेली गटारे. येथे वैद्यकी करणाऱ्याला नागरी प्रश्नांपासून अलिप्त राहणे अवघडच होते. ज्या तापावर सकाळी औषध द्यावे, तो ताप सांडपाण्यातून आणि अंधाऱ्या खोल्यांतून पुन्हा उगवताना दिसे. 1888 साली व्हिएगस मुंबई महापालिकेवर निवडून गेले. एकाच वेळी वस्तीतला डॉक्टर आणि पालिकेतला सभासद असण्याची ही दुहेरी भूमिका आठ वर्षांनी निर्णायक ठरणार होती.

1896 च्या पावसाळ्यात मांडवीच्या गोदामांत उंदीर मरून पडू लागले. पाठोपाठ त्या भागात काही माणसे तीव्र तापाने दोन-चार दिवसांत दगावू लागली. मृत्यूच्या नोंदींत ही माणसे तापाच्या सर्वसाधारण रकान्यात जात होती. पावसाळी दिवसांत मुंबईत ताप ही काही नवलाची गोष्ट नव्हती. मलेरिया होता, विषमज्वर होता. त्या गर्दीत एखादा नवा ताप मिसळून गेला, तर तो वेगळा ओळखणे कठीण होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात डॉ. व्हिएगस नवरोजी हिल परिसरातील रुग्ण पाहू लागले. ताप जोराचा, नाडी जलद, रुग्ण कमालीचा थकलेला आणि जांघेत कोंबडीच्या अंड्याएवढी, स्पर्शही सहन होऊ नये अशी दुखरी गाठ, हे या रोगाचे ठसठशीत चित्र. पुष्कळ रुग्णांची जीभ अडखळे, चाल झोकांड्या खाई, आणि पाहणाऱ्याला ते मद्य प्याले असावेत असे वाटे. जांघेत गाठ असलेला रुग्ण पाय पोटाशी ओढून पडून राही, कारण पाय सरळ केला की गाठ ताणली जाऊन असह्य वेदना होत.

आज हे वर्णन पाठ्यपुस्तकातले वाटते. त्या दिवशी ते तसे नव्हते. मुंबई इलाख्यात प्लेगची जुनी साथ येऊन गेली होती ती कच्छ-गुजरातेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. राजस्थानातील पाली येथे 1836 साली प्लेग झाला होता. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरात तो महामारी या नावाने अधूनमधून डोके वर काढी. परंतु मुंबईत रोज रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांच्या पिढीने हा रोग प्रत्यक्ष पाहिलेलाच नव्हता. जे कधी पाहिले नाही ते ओळखणे, हीच निदानातली सर्वांत अवघड कसोटी होय.

जांघेतील गाठ तर अनेक कारणांनी येते. पायाला चिघळलेली जखम असेल तर जांघेतील गाठ सुजते. हत्तीरोगात सुजते. गुप्तरोगांत सुजते. पण पायाच्या जखमेतून आलेल्या गाठीच्या खाली ती जखम दिसायला हवी. गुप्तरोगातील गाठ सावकाश वाढते आणि माणसाला एका दिवसात असे लोळवीत नाही. मलेरियाचा ताप थंडी वाजून येतो, घाम येऊन उतरतो आणि क्विनाइनला दाद देतो. त्यात जांघेत गाठ येत नाही. विषमज्वर पायरी-पायरीने चढतो. अशा रीतीने एकेक शक्यता बाजूला सारीत गेले, की शेवटी जे उरते त्याचे नाव घेण्यावाचून गत्यंतर राहात नाही. त्यात गोदामांतले मेलेले उंदीर आणि एकाच वस्तीतील एकसारखे मृत्यू यांची भर पडली. एका खाटेवरील रुग्ण पाहताना त्याच्या घराभोवतीची गल्लीही पाहावी लागते. ती गल्ली व्हिएगस यांच्या रोजच्या ओळखीची होती.

व्हिएगस यांचे निदान होते गाठीचा प्लेग.

23 सप्टेंबर 1896 रोजी पालिकेच्या स्थायी समितीपुढे त्यांनी ही बाब जाहीरपणे मांडली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्याचा भार समजून घ्यायचा तर तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. 1891 च्या शिरगणतीनुसार शहराची लोकसंख्या 8 लाख 21 हजारांवर होती. कापसाच्या गिरण्या, गोदी आणि जगभर पसरलेला व्यापार यांवर ते शहर उभे होते. प्लेग हा शब्द अधिकृतपणे उच्चारला, तर परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अटकाव करणार, माल कुजणार, मजूर पळणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे आरंभी अधिकृत वर्तुळात सौम्य शब्दांचा आश्रय घेतला गेला. गाठीचा ताप म्हणणे सोयीचे होते, प्लेग म्हणणे नव्हे. निदान चुकले असते, तर शहराला नाहक खाईत लोटल्याचा दोष व्हिएगस यांच्या माथी आला असता. निदान बरोबर असूनही ते गप्प राहिले असते, तर कोणी त्यांना विचारायलाही आले नसते.

शंका होती, ती रास्तच होती. म्हणून निदानाची पडताळणी करण्यासाठी तज्ज्ञांची चार स्वतंत्र पथके नेमण्यात आली. सुदैवाने, या वेळी विज्ञानाच्या हाती एक नवे साधन आलेले होते. दोनच वर्षांपूर्वी, 1894 साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता. जपानचे किटासातो हेही त्याच वेळी तेथे त्याच शोधात होते. गाठीत सुई घालून थोडा द्रव काढायचा, तो काचेवर पसरून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. प्लेगचे जंतू आखूड दांड्यांसारखे दिसतात आणि त्यांची दोन्ही टोके गडद रंगतात, जणू मिटलेली सेफ्टी पिनच. मग तोच द्रव पोषक माध्यमात वाढवून जंतूंची खात्री करून घ्यायची. बोटांनी केलेल्या निदानाला काचपट्टीने दिलेला हा दुजोरा होता. व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरले.

मुंबईच्या गव्हर्नरांनी वाल्डेमार हाफकीन यांना पाचारण केले. कॉलऱ्याच्या लसीमुळे त्यांचे नाव झालेले होते. ऑक्टोबरात ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. व्हिएगस जिथे शिकले, त्याच वास्तूत प्लेगची लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकीन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. येरसँ हेही मार्चमध्ये आपले सीरम घेऊन मुंबईस आले, परंतु त्याला अपेक्षित यश लाभले नाही.

लस होती, पण ती टोचून घेण्यास लोक तयार नव्हते. टोचल्यावर ताप येई, हात दुखे, आणि अफवांना तर ऊत आला होता. अशा वेळी रोजच्या ओळखीचा डॉक्टर मोलाचा ठरतो. डॉ. व्हिएगस यांनी स्वतः सुमारे 18 हजार लोकांना लस टोचल्याची नोंद आहे. रुग्णांच्या खोल्यांत ते जात राहिले, वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नाश यांसाठी आग्रह धरीत राहिले. प्लेगच्या रुग्णाजवळ जाणे म्हणजे काय, हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक कळत होते.

मात्र या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निदान झाले, आणि ते डॉक्टरच्या हातून निसटून सत्तेच्या हाती गेले. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांच्या काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. स्त्रियांनाही त्यातून सूट नव्हती. घरांत शिरून झडत्या, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे, सामानाची जाळपोळ, प्रेतांची तपासणी, हे सर्व प्लेग शोधण्याच्या नावाखाली झाले. त्याआधीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी झालेल्या घरझडत्यांनी लोकांचा संताप शिगेला पोहोचला आणि 22 जून 1897 रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी मार्चमध्ये, सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्राण गमावले. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना तेव्हा हडपसरच्या परिसरात चालू होता.

नवरोजी हिलवर व्हिएगस यांनी जी गाठ तपासली, तीच गाठ शिपाई फलाटावर शोधीत होते. जागा तीच, लक्षण तेच. फरक होता तो रुग्णाच्या संमतीचा, त्याच्या लाजेची बूज राखण्याचा आणि तपासणीनंतर त्याचे काय होणार याविषयी त्याला वाटणाऱ्या विश्वासाचा. या गोष्टी नसतील, तर माणसे आजार लपवितात, आणि लपविलेल्या आजाराचे निदान कोणतीही चाचणी करू शकत नाही. प्लेगच्या काळात नेमके तेच घडले. रुग्ण माळ्यावर दडविले गेले, प्रेते रात्री गुपचूप हलविली गेली आणि लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव पांगले. त्यांच्याबरोबर रोगही पांगला. 1901 च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या 7 लाख 76 हजारांपर्यंत खाली आलेली दिसते.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि परभणी हा त्याचा एक जिल्हा. सरहद्दीवर नाकी असली तरी रोग नाकी मानीत नाही. इलाख्यातून प्लेग निजामाच्या मुलखातही पोहोचला. मनमाडहून परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि मुंबई या भागाला आणखी जवळ आली. दख्खनच्या खेड्यांनी अनुभवातून आपले एक निदान शोधून काढले होते. घरात उंदीर पडला, की कोणाला ताप येण्याची वाट न पाहता गाव सोडायचे आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचे. हाती सूक्ष्मदर्शक नव्हता, पण हे निदान पक्के होते.

त्यामागचे शास्त्रही लवकरच कळले. 1898 साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो असे दाखविले. आरंभी त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईतच झालेल्या संशोधनाने ते सिद्ध झाले. म्हणजे 1896 साली व्हिएगस यांनी जेव्हा निदान केले, तेव्हा हा रोग माणसापर्यंत येतो कसा, हे जगात कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. अपुऱ्या ज्ञानाच्या आधारे, पण काटेकोर निरीक्षणातून त्यांनी योग्य निष्कर्ष काढला होता. भारतात पुढील काही दशकांत प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. मुंबईतील ते निदान आणखी काही आठवडे लांबले असते, तर लस व उपाययोजना आणखी किती मागे पडल्या असत्या, याची कल्पनाच केलेली बरी.

व्हिएगस यांचे सार्वजनिक आयुष्य प्लेगपाशी थांबले नाही. 1906 साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत महापौर म्हणावे असे हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती. परखड आणि निर्भीड मतांसाठी ते सभागृहात ओळखले जात. 1933 साली मुंबईत त्यांचे निधन झाले. धोबी तलावापाशी, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा उभारण्यात आला आणि काळबादेवी परिसरातील एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. त्या रस्त्याने जाणाऱ्या कितीजणांना हे व्हिएगस कोण, हे सांगता येईल, असा प्रश्न मात्र पडतो.

पुन्हा 1994 कडे येऊ. त्या वर्षी 26 ऑगस्ट ते 5 ऑक्टोबर या काळात देशभर 5150 संशयित रुग्ण आणि 53 मृत्यू नोंदविले गेले. यांतील खरे प्लेगचे किती, हा वाद पुढेही चालू राहिला. अखेर बीड आणि सुरत येथील नमुन्यांतील जंतूंची जनुकीय तपासणी हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रात झाली आणि तो जंतू प्लेगचाच असल्याचे 2000 साली प्रसिद्ध झाले. व्हिएगस यांना काचपट्टीचा दुजोरा मिळाला, तसा येथे जनुकांचा. पण दोन्ही वेळा पुरावा नंतर आला. आधी कोणी तरी रुग्णाची गाठ चाचपली होती, आणि घरात उंदीर मेले का, असे विचारले होते.

प्लेगवर आज स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रभावी औषधे आहेत. तरीही उपचाराविना गाठीचा प्लेग निम्म्याच्या आसपास रुग्णांचा बळी घेऊ शकतो आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये एका दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. म्हणूनच नियम असा, की संशय येताच नमुना घ्यावा आणि अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे. म्हणजे पहिला निर्णय आजही खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरचाच असतो.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आता रक्ताच्या नाना तपासण्या, सोनोग्राफी, सीटी स्कॅन उपलब्ध आहेत. अलीकडे तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु कोणती चाचणी करायची, हे ठरविण्यासाठी आधी मनात एक शंका यावी लागते, आणि ती रुग्णाशी बोलून, त्याला हात लावून, तो कोठून आला हे जाणून घेऊनच येते. अप्रिय निदान झालेच, तर ते स्पष्टपणे सांगण्याचे धैर्यही लागते. मांडवीतल्या त्या डॉक्टरापाशी साधने थोडी होती. या दोन गोष्टी मात्र भरपूर होत्या. नव्या महाविद्यालयात दाखल होणाऱ्या मुलामुलींना निदानशास्त्राच्या पहिल्या तासाला व्हिएगस यांची ही गोष्ट कोणी सांगितली, तर ती उगाच सांगितली असे होणार नाही.